परत न मागायचे पैसे

पेशव्यांच्या काळात पुण्याला पर्वतीच्या पायथ्याशी भिंतींनी बंदिस्त केलेलं एक मोठं आवार होतं. त्याला रमणा म्हणत. श्रावणात दूरदूरच्या प्रांतांतून ब्राह्मण पुण्यात जमत, त्यांना या आवारात घेतलं जाई आणि दारातून एकेकाला बाहेर सोडताना हातावर दक्षिणा ठेवली जाई. आत शिरताना नाही, बाहेर पडताना. पैसे घेतलेला माणूस भिंतीपलीकडे गेला की त्याला पुन्हा आत येता येत नसे. हजारोंच्या गर्दीत एकाला एकदाच मिळावं, यासाठी काढलेली ही युक्ती. आज महाराष्ट्रातल्या एखाद्या मुलीला कॉलेजची शिष्यवृत्ती हवी असेल, तर तिचं बँक खातं आधारशी जोडलेलं असावं लागतं. त्यामागचं एक कारण तेच आहे.

नुसतं साम्य असतं तर मी ते सांगत बसलो नसतो. मला नवल वाटतं ते याचं, की रमण्यापासून त्या मुलीच्या खात्यापर्यंत एक सलग वाट आहे. कॉलेजात शिकणाऱ्याला पैसे द्यायचे आणि ते परत मागायचे नाहीत, ही रीत पुण्यात त्याच दक्षिणेतून निघाली. पुढची दोनशे वर्षं एकच प्रश्न तिला बदलत राहिला: हे पैसे कोणाला द्यायचे?

दक्षिणेचा शिरस्ता मूळचा तळेगावच्या सेनापती दाभाड्यांचा. १७३१ साली डभईजवळच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडले आणि पुढे हा शिरस्ता पेशव्यांनी पुण्यात उचलला. खर्च लाखांच्या घरात गेला. १८१८ला पेशवाई संपली तेव्हा माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनसमोर पेच होता. दक्षिणा एकदम बंद केली तर पुणं बिथरेल, चालू ठेवली तर कंपनीची तिजोरी कुरकुरेल. त्याने वर्षाला ५०,००० रुपयांवर ती बांधून घेतली. ६ ऑक्टोबर १८२१ रोजी याच रकमेतला काही भाग काढून विश्रामबागवाड्यात, दुसऱ्या बाजीरावाच्या राहत्या वाड्यात, संस्कृत पाठशाळा सुरू झाली. पुढे १८५१मध्ये तिच्यात इंग्रजी शाळा मिसळली आणि पूना कॉलेज झालं, आणि १८६४ला त्याचंच नाव डेक्कन कॉलेज. येरवड्याच्या टेकाडावरची ती दगडी इमारत पाहताना या कॉलेजातल्या पहिल्या तासांचा पगार रमण्याच्या पैशांतून आला होता, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

पण तेव्हाही पैसे ब्राह्मणांच्याच हाती जात होते. १८४९मध्ये पुण्यातल्या सुधारक तरुणांनी सरकारकडे अर्ज केला, की दक्षिणेतला काही पैसा मराठीत चांगले ग्रंथ लिहिणाऱ्यांना द्यावा, मग लिहिणारा कोणत्याही जातीचा असो. लोकहितवादी गोपाळ हरी देशमुख या मागणीच्या मागे होते. शहर खवळलं. अर्ज देणाऱ्यांना मारहाण होईल अशी वेळ आली तेव्हा जोतीराव फुले आणि त्यांचे सहकारी त्यांच्या पाठीशी उभे राहिले. जोतीराव तेव्हा पंचविशीतही नव्हते. त्यांच्या जातीला दक्षिणेतला एक पैसा कधी मिळाला नव्हता, आणि तरी ज्यांना मिळत आला होता त्या समाजातल्या मुलांचं रक्षण त्यांनी केलं. या प्रसंगाकडे मी पुन्हा पुन्हा वळतो. मागणी काही अंशी मान्य झाली आणि दक्षिणा प्राइझ कमिटी जन्माला आली. नंतर याच निधीतून कॉलेजात शिकणाऱ्या आणि शिकवणाऱ्या हुशार तरुणांसाठी दक्षिणा फेलोशिप निघाली. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघे दक्षिणा फेलो. १८६२ साली मुंबई विद्यापीठाची जी पहिली बी.ए.ची तुकडी बाहेर पडली तिच्यात हे दोघेही होते. श्रावणातल्या दानाचं रूपांतर चाळीस-पन्नास वर्षांत पदवीधर घडवणाऱ्या वेतनात झालं होतं.

म्हणजे ‘कोणाला?’ या प्रश्नाचं उत्तर जन्मावरून परीक्षेवर आलं. हे मोठंच पाऊल होतं. पहिला येईल त्याला मिळेल, यापेक्षा न्याय्य काय असू शकतं? १८६५मध्ये नाना शंकरशेट वारले. त्यांच्या नावाने मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला शिष्यवृत्ती सुरू झाली, आणि १९१२ साली ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली, जे पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर आणि नंतर देशाचे अर्थमंत्री झाले. गुणवत्तेला दिलेला पैसा वाया जात नाही, याचा याहून चांगला दाखला मिळणार नाही.

तरीही या व्यवस्थेत एक भोक होतं, आणि ते दाखवलं जोतीरावांनीच. १८८२मध्ये शिक्षणविषयक हंटर आयोगासमोर दिलेल्या निवेदनात प्राथमिक शिक्षणाबद्दल त्यांनी जे लिहिलं ते आपण नेहमी वाचतो. त्याच निवेदनात शिष्यवृत्त्यांबद्दलचा एक छोटा मुद्दा आहे, त्याकडे मात्र फारसं कोणी पाहत नाही. त्यांचं म्हणणं असं: स्पर्धेने शिष्यवृत्ती देणं वरवर पाहता निष्पक्ष आहे, पण त्याने शिक्षण इतर वर्गांत पसरत नाही. ज्यांच्या घरात आधीच विद्या आहे त्यांनाच ते अधिक बळ देतं. म्हणून काही शिष्यवृत्त्या अशा वर्गांसाठी ठेवाव्यात जिथे शिक्षण पोचलेलंच नाही. आज जगभरातली विद्यापीठं ‘गुणवत्ता की गरज’ या नावाने ज्या प्रश्नावर अहवालांमागून अहवाल लिहितात, तो पुण्यातल्या एका माळ्याच्या मुलाने १८८२ साली काही ओळींत मांडून ठेवला होता. परीक्षेला बसेपर्यंतचा खर्च ज्याला परवडला, त्यालाच परीक्षेचं बक्षीस मिळतं. मग ज्याला परवडला नाही त्याचं काय?

त्याचं काय होत असे हे जुन्या आठवणींतून कळतं. गरीब मुलगा शहरात शिकायला आला की वार लावून जेवायचा. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात वार सात घरी. एखादं घर सुटलं की त्या दिवशी उपास. काही मुलं माधुकरी मागत. गोपाळ गणेश आगरकर कऱ्हाडजवळच्या टेंभूहून आले, आणि डेक्कन कॉलेजात असताना एकच सदरा रात्री धुऊन सकाळी घालत, असं त्यांच्याबद्दल सांगतात. वार लावून जेवणं हीसुद्धा शिष्यवृत्तीच होती, सात कुटुंबांनी मिळून दिलेली, कोणत्याही कागदावर न आलेली. तिच्यात माया असायची तसा अपमानही असायचा, आणि ती जातीच्या भिंतीबाहेर जात नसे. महार, मांग, चांभार मुलाला पुण्यात किंवा कोल्हापुरात वार लावायला घरंच नव्हती.

राजर्षी शाहू महाराजांनी नेमकी हीच जागा हेरली. मुलाच्या हातात रोख रक्कम दिली तरी त्याला खोली भाड्याने कोण देणार, आणि त्याला पंगतीला कोण बसवणार? म्हणून त्यांनी पैशाऐवजी छप्पर दिलं. १८ एप्रिल १९०१ रोजी कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं, आणि मग जैन, लिंगायत, मुसलमान, दैवज्ञ, नामदेव शिंपी अशी एकेका समाजाची वसतिगृहं उभी राहिली. १९०८मध्ये अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे. जातवार बोर्डिंगं काढून त्यांनी जात घट्ट केली, असा आक्षेप तेव्हाही होता आणि आजही घेतला जातो. मला तो पटत नाही. ज्याला एका रात्रीचीही जागा नाही, त्याला आधी जागा लागते. जैन बोर्डिंगात राहून शिकलेल्या भाऊराव पाटलांनी पुढे १९१९मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, आणि १९२४ साली साताऱ्याला सर्व जातींच्या मुलांना एका पंगतीत बसवणारं बोर्डिंग सुरू केलं. ते चालवण्यासाठी लक्ष्मीबाईंनी, त्यांच्या पत्नीने, अंगावरचे दागिने आणि शेवटी मंगळसूत्रही मोडलं. जातवार बोर्डिंगाने एका पिढीतच जातीपलीकडचं बोर्डिंग जन्माला घातलं.

आता त्या शिष्यवृत्तीकडे वळू, जिच्याइतकं फळ महाराष्ट्रात दुसऱ्या कशाला आलं नसेल. १९०७ला एल्फिन्स्टन हायस्कूलमधून भीमराव रामजी आंबेडकर मॅट्रिक झाले. कृष्णराव अर्जुन केळुसकर या शिक्षकाने या मुलाला वाचताना हेरलं होतं; त्यांनी शब्द टाकला आणि बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी कॉलेजसाठी दरमहा २५ रुपये मंजूर केले. बी.ए. झालं. फेब्रुवारी १९१३मध्ये वडील गेले. जूनमध्ये बडोदे संस्थानाबरोबर करार झाला: न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात तीन वर्षं शिकण्यासाठी दरमहा साडेअकरा पौंड, आणि परत आल्यावर संस्थानाची दहा वर्षं चाकरी.

साडेअकरा पौंड. या रकमेत राहणं, खाणं, कपडे, पुस्तकं, आणि मुंबईला घरी पाठवायचे पैसेही. कोलंबियातल्या त्या तीन वर्षांत त्यांनी अर्थशास्त्र, इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र, तत्त्वज्ञान असे कितीतरी अभ्यासक्रम घेतले. जातींच्या उगमावरचा त्यांचा निबंध १९१६च्या मे महिन्यात तिथल्याच परिसंवादात वाचला गेला. शिष्यवृत्तीची मुदत वाढवून घेऊन ते लंडनला गेले, ती वाढही संपली तेव्हा अर्धा अभ्यास टाकून १९१७मध्ये परतले आणि कराराप्रमाणे बडोद्यात रुजू झाले.

आणि इथे शाहू महाराजांचं म्हणणं किती खरं होतं ते दिसतं. परदेशातली पदवी, संस्थानाची नोकरी, खिशात पगार, आणि शहरात राहायला खोली नाही. एका पारशी धर्मशाळेत ते राहिले. ओळख उघड होताच काठ्या घेतलेल्या लोकांनी त्यांना बाहेर काढलं. बडोद्याच्या बागेत एका झाडाखाली ते बसून राहिले आणि मग मुंबईची गाडी धरली. करार मोडला तो विद्यार्थ्याने नाही, त्या शहराने. पुढे अर्धी राहिलेली लंडनची वारी त्यांनी १९२०मध्ये पुन्हा तिकडे जाऊन सिडनहॅम कॉलेजच्या पगारातली शिल्लक, नवल भथेना या मित्राचं कर्ज आणि शाहू महाराजांची मदत यांवर पुरी केली.

शिष्यवृत्ती काय करू शकते आणि कुठे थांबते, ही दोन्ही टोकं ज्याने स्वतःच्या अंगावर घेतली होती, तोच माणूस १९४२मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाला. २९ ऑक्टोबर १९४२ रोजी त्यांनी व्हाइसरॉय लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं सविस्तर निवेदन दिलं. त्यातला शिक्षणाचा भाग हिशेबनिसाच्या कसोशीने लिहिलेला आहे. बनारस हिंदू विद्यापीठाला आणि अलिगढच्या मुस्लिम विद्यापीठाला सरकार दरसाल तीन-तीन लाख देतं. मग अस्पृश्यांच्या उच्च शिक्षणासाठी काय? शिवाय नुसत्या कला आणि कायद्याच्या पदव्या पुरणार नाहीत, विज्ञान आणि तंत्रज्ञान शिकायला हवं, आणि ते या समाजाच्या ऐपतीबाहेर आहे. सरकारने तीन लाखांची तरतूद मान्य केली. १९४४पासून अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांना मॅट्रिकनंतरच्या शिक्षणासाठी भारत सरकारची शिष्यवृत्ती मिळू लागली. १९४८पासून ती अनुसूचित जमातींनाही लागू झाली. कॉलेजच्या कट्ट्यावर तिला आजही नुसतं ‘जीओआय’ म्हणतात.

इथे क्षणभर थांबून १९४४ या सालाकडे पाहा. महायुद्ध पेटलेलं. २२ जून १९४४ रोजी अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टने एका कायद्यावर सही केली, ज्याने युद्धावरून परतणाऱ्या सैनिकांना कॉलेजात जाण्यासाठी वर्षाला ५०० डॉलरपर्यंत फी आणि वर जगायला दरमहा ५० डॉलर दिले. दिल्लीतल्या योजनेशी त्याचा काही संबंध नव्हता, आणि आकारात तर काहीच तुलना नव्हती. पण दोन्हींची बांधणी एकच: एक भाग फीचा, दुसरा भाग पोटाचा. दोन्हीकडे मिळण्याची अट नियमात लिहिलेली, कोणा धन्याच्या मर्जीवर नाही. भीमरावांना केळुसकर भेटले नसते तर काय, ही धास्ती त्या नियमाने संपवली. नियमात बसणाऱ्या मुलाला ओळखीपाळखीची गरज उरली नाही. माझ्या दृष्टीने या साऱ्या गोष्टीतला हा सर्वांत मोठा क्षण.

त्याचं फळ कुठे दिसलं? १९५०मध्ये बाबासाहेबांच्याच पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला कॉलेज काढलं, पुढे त्याचं नाव मिलिंद महाविद्यालय झालं. मराठवाड्याच्या खेड्यांतून जीओआयच्या आधारावर मुलं कॉलेजच्या आवारात, नागसेनवनात, येऊन राहू लागली. इथेच म. ना. वानखडे प्राचार्य होते, इथेच गंगाधर पानतावणे शिकवत होते, आणि १९६०च्या दशकाच्या अखेरीस पानतावण्यांनी ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक सुरू केलं. दलित साहित्याचा एक मोठा प्रवाह या आवारातून वाहिला. वसतिगृहाची खोली, खानावळीचं बिल, उशिरा आलेला हप्ता, हे सगळं त्यानंतरच्या मराठी आत्मकथनांत आलं आहे. मराठी साहित्याच्या इतिहासकारांनी शिष्यवृत्तीच्या हप्त्यांचा एक अध्याय लिहायला हवा, असं मला मनापासून वाटतं.

कोणी विचारेल, पैसे परत का मागू नयेत? कर्जही देता येतं की. जमशेटजी टाटांनी १८९२मध्ये सुरू केलेला निधी कर्जाऊ शिष्यवृत्त्याच देतो, आणि पुढे राष्ट्रपती झालेले के. आर. नारायणन त्यावरच लंडनला शिकायला गेले होते. विलायतेहून परतून मोठ्या पगारावर लागणाऱ्यासाठी ती रीत चोख आहे. पण कर्जाचं गणित गरीब घरात वेगळं होतं. घरासाठी कर्ज काढलं तर घर गहाण असतं. शिक्षण गहाण ठेवता येत नाही. तिसऱ्या वर्षाला नापास झालेल्या मुलाच्या डोक्यातलं अर्धं इंजिनिअरिंग बँक जप्त करू शकत नाही, म्हणून ती बापाची सही मागते, रक्कम मोठी असेल तर जमीन मागते. ज्या घरातून पहिल्यांदाच कोणी कॉलेजात जातंय, तिथे नापास होण्याची भीती पास होण्याच्या आशेपेक्षा मोठी असते. शिवाय एक खर्च कोणत्याही पावतीवर येत नाही. बारावी झालेला मुलगा कामाला लागला तर दर आठवड्याला हजेरी घरी आणतो. तो कॉलेजात गेला की ती हजेरी तीन-चार वर्षं बंद होते. फी माफ झाली तरी हे नुकसान माफ होत नाही. म्हणून निर्वाह भत्ता हा शिष्यवृत्तीचा गाभा आहे, आणि म्हणूनच तो उशिरा आला तर निम्म्याहून जास्त अर्थ निघून जातो. जूनमध्ये लागणारे खानावळीचे पैसे पुढच्या मार्चमध्ये मिळाले तर मधल्या महिन्यांत सावकार येतो, किंवा मुलगा घरी जातो.

उशीर का होतो, याची गोष्ट थोडी रूक्ष आहे, पण सांगायला हवी. कित्येक वर्षं केंद्र आणि राज्यांमधली वाटणी अशी होती, की पंचवार्षिक योजना संपताना जेवढा खर्च झालेला असेल तेवढा भार पुढे राज्याने कायमचा उचलायचा, आणि केंद्राने फक्त त्यावरची वाढ द्यायची. विद्यार्थी जितके वाढत तितका राज्यांवरचा बोजा फुगत गेला आणि केंद्राचा वाटा सुमारे १० टक्क्यांवर आला. राज्यांचे हात आखडले आणि मुलांचे हप्ते थकले. डिसेंबर २०२०मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने हे सूत्र मोडलं. पाच वर्षांसाठी ५९,०४८ कोटी रुपयांची तरतूद, त्यात केंद्राचे ६० टक्के, आणि केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात. तीन लाखांपासून इथवर.

एकूण आकडा डोळे दिपवतो, एका मुलाच्या वाट्याचा मात्र जमिनीवर आणतो. पालकांचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेला, मेडिकल किंवा इंजिनिअरिंगसारख्या पदवीला शिकणारा, वसतिगृहात राहणारा विद्यार्थी असेल तर फीशिवाय त्याला वर्षाला १३,५०० रुपये भत्ता. महिन्याला भागले तर १,१२५. घरून ये-जा करणाऱ्याला ७,०००. साध्या अभ्यासक्रमांना याहून कमी. ही फट भरायला महाराष्ट्राने २०१६-१७पासून स्वाधार योजना आणली: शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांना मुंबई-पुण्यासारख्या शहरात वर्षाला ६०,०००, इतर महानगरपालिका क्षेत्रात ५१,०००, जिल्ह्याच्या ठिकाणी ४३,०००. आदिवासी मुलांसाठी स्वयम्, ओबीसी मुलांसाठी आधार, अशा त्याच धर्तीच्या योजनाही आहेत. आणि जातीऐवजी उत्पन्न पाहणारी ईबीसी सवलत तर १९५९पासूनची. यशवंतराव चव्हाणांच्या सरकारने १२०० रुपयांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलांची फी माफ केली तेव्हा कित्येक शेतकऱ्यांच्या घरात पहिला पदवीधर दिसला.

आता हे पैसे येतात कसे ते पाहू. मुलगी महाडीबीटी या राज्य सरकारच्या पोर्टलवर प्रोफाइल भरते. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, डोमिसाईल, मागची गुणपत्रिका, मध्ये एखादं वर्ष गेलं असेल तर गॅप सर्टिफिकेट. अर्ज आधी कॉलेजच्या क्लार्ककडे स्क्रुटिनीला जातो, मग प्राचार्यांकडे, मग त्या त्या खात्याच्या जिल्हा कार्यालयाकडे. कुठेही त्रुटी निघाली की अर्ज परत. सगळं मंजूर झालं की मुलीच्या लॉगिनमध्ये हप्ता दिसतो आणि तिला स्वतः ‘रिडीम’ करावं लागतं. ते केलं नाही तर मंजूर पैसेही हलत नाहीत.

यापुढचा टप्पा मला सर्वांत विलक्षण वाटतो. पैसे अर्जात लिहिलेल्या खाते क्रमांकावर जातातच असं नाही. आधारवर आधारलेल्या भरण्यात सरकार फक्त आधार क्रमांक पाठवतं. देशातल्या बँकांची एक सामाईक नोंद आहे, तिच्यात प्रत्येक आधार क्रमांकासमोर एकाच बँकेचं नाव असतं, ज्या बँकेत सर्वांत शेवटी तो जोडला गेला तिचं. पैसे तिकडे जातात. बारावीनंतर मुलीने गावच्या बँकेतलं खातं मागे टाकून शहरात नवं उघडलं आणि तिथे आधार जोडलं, की शिष्यवृत्तीची वाट आपोआप वळते. कोणतंच खातं जोडलेलं नसेल तर पैसे परत फिरतात. ‘पैसे आले नाहीत’ म्हणून कॉलेजच्या खिडकीपाशी उभ्या असलेल्या मुलीचं उत्तर पुष्कळदा कॉलेजात नसतंच, ते या नोंदीत असतं, आणि बँकेत जाऊन आधार सीडिंगचा फॉर्म भरला की ते सुटतं. ज्याला हे ठाऊक आहे त्याने शेजारच्या पोरीला सांगावं. यात वर्ष वाचतं.

अलीकडची एक भर ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाची. आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या आर्थिक मागास, सामाजिक-शैक्षणिक मागास आणि ओबीसी घरांतल्या मुलींना केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश मिळाला, तर शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ. आधी ते निम्मंच माफ होतं. १८८३ साली आनंदीबाई जोशी डॉक्टरकी शिकायला अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्यांच्या हातातल्या सोन्याच्या बांगड्या विकाव्या लागल्या आणि बाकीची भर लोकांच्या वर्गणीने पडली. आज बीडच्या किंवा गडचिरोलीच्या मुलीला फार्मसी, इंजिनिअरिंग, आर्किटेक्चरसाठी बांगडी विकायची नाही. पण माफी फीची आहे. वसतिगृहाची, खानावळीची, एसटीच्या पासची नाही. त्यासाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता योजना वेगळी आहे, अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी. तिचा अर्ज त्याच महाडीबीटीवर, त्याच लॉगिनमधून, पण स्वतंत्र भरावा लागतो. फी माफ झाल्याच्या आनंदात तो राहून जाऊ नये.